किल्लारीत काय पडले, काय उभे राहिले : मराठवाड्यातील घर, सुतार आणि सागवान

१/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी, होळी अशी गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. शासकीय आकड्यानुसार मृतांची संख्या ७,९२८ होती. हा धागा त्या ढिगाऱ्यातून बाहेर निघालेल्या एका वस्तूविषयी आहे. ती वस्तू म्हणजे लाकूड.

२/ नंतर पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली. अनेक घरांच्या जाडजूड दगडी भिंती ढासळल्या होत्या, पण त्याच घरांच्या आतले लाकडी खांब आणि त्यांवरच्या तुळया जागेवर उभ्या होत्या. जिथे लाकडी सांगाडा नीट होता, तिथे छप्पर पुष्कळदा माणसांवर पडले नाही. जिथे तो नव्हता किंवा कमजोर होता, तिथे सारे घरच खाली बसले.

३/ असे असूनही पुढील काही वर्षांत याच भागातील जुन्या घरांचे खांब, तुळया, चौकटी आणि दरवाजे पडत्या भावाने विकले गेले. ज्या वस्तूने घर सावरले, तीच लोकांनी घराबाहेर काढली. असे का झाले? उत्तरासाठी भूकंपाच्या बरेच मागे, थेट दोन हजार वर्षांपूर्वी जावे लागते.

४/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नगरीचा उल्लेख येतो. तगर म्हणजे आजचे तेर, लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले. याच ग्रंथात भडोच बंदरातून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत सागवानाच्या तुळया आहेत, शिसवी ओंडकेही आहेत. आपल्या इमारती लाकडाला तेव्हाही दूरदेशी गिऱ्हाईक होते.

५/ याच तेरमध्ये उत्तरेश्वराचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा आज तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळते. ती हजार वर्षांहून जुनी मानली जाते. आणखी मागे जायचे असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. छताला लावलेल्या लाकडी कमानींपैकी कितीतरी मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. ‘लाकूड ते किती टिकणार?’ असे आपण सहज म्हणतो. त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

६/ साग टिकतो कशाने? त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात आणि टेक्टोक्विनोनसारखी रसायने असतात. त्यांच्यामुळे वाळवी आणि बुरशी या लाकडापासून दूर राहतात. उन्हापावसात ते फारसे फुगत नाही, आकसतही नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

७/ आता नकाशा पाहू. लातूर, औसा, निलंगा हा काळ्या मातीचा, उघड्या माळांचा मुलूख आहे. आजही लातूरची गणना राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत होते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मात्र किनवट आणि माहूर हे तालुके आहेत, आणि तेथे पैनगंगेच्या खोऱ्यात पानझडी सागवनांचा पट्टा आहे. मराठवाड्यासाठी इमारती साग म्हटला की सर्वांत जवळचे रान हेच. त्याला लागून पुढे आदिलाबादची जंगले सुरू होतात.

८/ रानापासून माळापर्यंतचे अंतर बैलगाडीचे होते. एक मोठी तुळई आणायची म्हणजे जंगलातील तोड, वाटेतील जकात आणि कित्येक दिवसांचे भाडे आले. त्यामुळे माळावरच्या गावात साग म्हणजे जवळजवळ सोन्यासारखी ठेव होती. ज्याच्या घराला सागवानी खांब, तो घरंदाज. ज्याला ते परवडत नव्हते, तो बांधावरच्या बाभळीचा आणि कडुनिंबाचा आधार घेई.

९/ हे लाकूड हाताळणारा माणूस म्हणजे गावचा सुतार. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान वरच्या ओळीत होते. वर्षभर त्याने औत, तिफण, वखर, कुळव आणि गाडी दुरुस्त करून द्यायची; सुगीला खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपात आपले बलुते घ्यायचे. ही झाली शेतीची बांधील कामे. घर बांधणे, कोरीव चौकट करणे, देव्हारा घडवणे ही निराळी कामे असत आणि त्यांची मजुरीही निराळी ठरे.

१०/ त्याची हत्यारे मोजकी होती : वाकस, करवत, पटाशी, रंधा, गुण्या, ओळंबा. कोणत्या कामाला कोणते लाकूड, हे ज्ञान मात्र मोठे होते. घाव आणि घासणे सोसायला बाभूळ, म्हणून ती औताला आणि गाडीच्या चाकाला. चिवटपणा हवा तिथे धावडा आणि तिवस. पेटीत, माळ्यावर किडीचा त्रास होऊ नये म्हणून कडुनिंब. पिढ्यान्‌पिढ्या जागचे हलायचे नाही, अशा कामाला साग.

११/ मराठवाड्यातील घर समजून घ्यायचे तर एक शब्द कळावा लागतो : ‘खण’. आज खण म्हटले की टेबलाचा कप्पा किंवा चोळीचे कापड आठवते. घराच्या भाषेत दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे चौरस फुटांत सांगत नसत. तीन खणांचे घर, पाच खणांचा सोपा, असे सांगत. जुन्या वाटण्यांत आणि खरेदीखतांतही घराचा हिस्सा खणांनी मोजलेला सापडतो.

१२/ खण उभा कसा राही? जमिनीत ओल असते, म्हणून खांबाखाली दगडी तळखडा असे. त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला कोरीव हस्त, हस्तावर तुळई. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचा. सांधे जोडायला खिळे अगदी थोडे. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचे, दुसऱ्याचे टोक त्याच मापाने तासून त्यात बसवायचे आणि गरज पडेल तिथे लाकडी खुंटी ठोकायची.

१३/ या साऱ्यावर माळवद असे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. त्यासाठी गावाच्या जुन्या वस्तीची किंवा गढीची पांढरी माती आणून ती थरांनी चोपत. पाणी जायला पन्हाळ, उजेड यायला छतात साणे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मातीचा हा जाड थर घर थंड ठेवी. रात्री त्यावर झोपायचे, दिवसा त्यावर धान्य आणि कुरडया वाळवायच्या.

१४/ आता या बांधणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नीट बांधलेल्या घरात माळवदाचा भार लाकडी सांगाडा पेलत असे. दोन-तीन फुटी, काही ठिकाणी त्याहून जाड दगडी भिंत ही मुख्यतः ऊन, चोर आणि वारा अडवण्यासाठी होती. पुष्कळ ठिकाणी खांब भिंतीतच लपलेले असल्याने पाहणाऱ्याला वाटे, की घर भिंतीवर उभे आहे. वास्तविक ते खांबांवर उभे असे.

१५/ मग अशा घरात ‘फर्निचर’ कोणते होते? आजच्या अर्थाने फारच थोडे. बसायला गादी, लोड आणि तक्के, जेवायला पाट, पूजेला चौरंग. निजायला बाज, पाण्याच्या हंड्यांना घडवंची, पीठ मळायला काथवट. हिशेब लिहायला मुनिमाचे उतरत्या पाठीचे छोटे डेस्क. सधन घरी सोप्यात कड्यांना टांगलेला झोपाळा आणि बाळंतिणीच्या खोलीत लाखेच्या रंगाचा पाळणा.

१६/ साठवणीची बाकीची सोय घराच्या अंगातच असे. भिंतीत कोनाडा, देवळी, फडताळ, धान्याला बळद, जमिनीखाली पेव. मराठीतला ‘कपाट’ हा शब्द पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ दाराचे फळके. भिंतीतल्या कोनाड्याला लहानसे दार बसवले, की त्याचे कपाट होते. घरातून बाहेर नेता येईल असे चार पायांचे कपाट आपल्याकडे बरेच उशिरा आले असावे, याची खूण या शब्दातच राहिली आहे.

१७/ बाकीचे शब्द आपापले प्रवास करून आले. ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’वरून आली. ‘अलमारी’च्या मुळाशी पोर्तुगीज शब्द आहे; उर्दूच्या वापरामुळे मराठवाड्यात तो कपाटापेक्षाही घरगुती झाला. ‘टेबल’ इंग्रजांबरोबर आले. हैदराबाद संस्थानातील कचेऱ्या, शाळा आणि वकिलांच्या बैठकी यांतून खुर्ची-टेबल तालुक्याच्या गावी पोहोचले. गावातला सुतार ते पाहून घडवू लागला, सांधे मात्र खणाचेच वापरी.

१८/ या सांध्यांचा एक गुण आज आपण विसरलो आहोत. ते उकलता येत. खुंटी काढली की खांब आणि तुळई सुटी होई. पडक्या वाड्याचा खांब नव्या घरात जाई. चौकट एका दारातून दुसऱ्या दारात जाई. तुळई आखूड झाली तर तिची कडी होई, कडी मोडली तर तिचा पाट. भाऊ वेगळे झाले की लाकूडही वाटून घेत. म्हणून काही जुन्या घरांतील खांबांवर आज विनाकारण वाटणारी भोके दिसतात. ती त्या खांबाच्या आधीच्या घराची आठवण असते.

१९/ हे सारे सांगताना घर सोडून एकदा रानाकडेही पाहिले पाहिजे, कारण या सागाची किंमत तिथेही कुणीतरी मोजत होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे स्लीपर, जहाजे आणि सरकारी इमारती यांसाठी सागाची मागणी अफाट वाढली. मलबारात नीलांबूर येथे १८४० च्या दशकात सागाची मुद्दाम लागवड सुरू झाली. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. पाठोपाठ १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले.

२०/ निजामाच्या संस्थानातही वनखाते उभे राहिले आणि राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. किती झाडे तोडायची आणि किती राखायची याचा हिशेब सुरू झाला. आज ज्याला आपण ‘शाश्वत’ वनव्यवस्थापन म्हणतो, त्याची ही सुरुवात. पण त्या हिशेबात रानात राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध या समाजांना जागा नव्हती. त्यांची फिरती शेती गुन्हा ठरली आणि सरपण किंवा घरासाठीचा वासाही परवान्याचा विषय झाला.

२१/ किनवटच्या शेजारी, आदिलाबादच्या डोंगरांत, या असंतोषाचा स्फोट झाला. जोडेघाट येथे १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना कोमाराम भीम आणि त्यांचे सहकारी मारले गेले. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. या उठावानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करवून घेतला. मराठवाड्यातील वाड्यांच्या तुळयांकडे पाहताना ही बाजू लपवता येत नाही.

२२/ १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या आणि मोठे वाडे पोसणारे उत्पन्नही आटले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा भाग आदिलाबादेतून नांदेड जिल्ह्यात आला. पुढे १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने खासगी जमिनीवरचा सागही परवानगीशिवाय तोडता येईना. लोकसंख्या वाढत होती, घरे वाढत होती, चांगले लाकूड मात्र महाग आणि दुर्मीळ होत होते.

२३/ याचा परिणाम घराच्या हाडांवर झाला. जिथे पूर्वी पुरते खांब असत, तिथे संख्या कमी झाली. सागाऐवजी हाताला येईल ते वेडेवाकडे लाकूड आले. शेवटी अनेक घरांत खांब गेलेच आणि तुळया थेट दगडी भिंतीवर टेकल्या. बाहेरून घर जुन्यासारखेच दिसे. पण पूर्वी जी भिंत फक्त आडोसा होती, तिच्यावर आता सारे छप्पर आले. भार वाहण्यासाठी ती रचलेलीच नव्हती.

२४/ दुसरीकडे छप्पर जड होत गेले. माळवद गळले की वर मातीचा आणखी एक थर टाकायचा, ही रीत. जुना थर काढणे कष्टाचे, म्हणून तो तसाच राही. दर काही वर्षांनी असे होत होत जाडी दीड-दोन फुटांवर पोहोचे. एक साधा हिशेब करा : दहा फूट रुंद, तेरा फूट लांब खोलीवर दीड फूट माती म्हणजे डोक्यावर नऊ-दहा टन वजन. घरात रोज निजणाऱ्यांना त्याची जाणीवही नसे.

२५/ भिंतीची रचनाही फसवी होती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर आणि मध्ये गोटे व मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड क्वचितच. सांधायला चुना नाही, फक्त चिखल. जमीन आडवी हलली तेव्हा हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि फुगून कोसळले. ज्या घरांना खांब नव्हते, तिथे भिंतीबरोबर छप्परही आले. ७,९२८ माणसांच्या मृत्यूमागे मुख्यतः ही रचना होती.

२६/ शिवाय या भागात भूकंप होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. तेव्हाच्या भारतीय मानकात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. दख्खनचे पठार स्थिर, असाच समज होता. किल्लारीने तो मोडला. २००२ मध्ये मानक बदलले, पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

२७/ पण गावकऱ्यांनी मानके वाचली नव्हती. त्यांनी आपली माणसे दगडाखाली पाहिली होती. त्यांच्या मनात दगड, माती आणि लाकूड हे तिन्ही एकत्र अपराधी ठरले. सिमेंटचे घर म्हणजे जीव वाचवणारे घर आणि जुने घर म्हणजे मरण, असे समीकरण झाले. त्या दुःखात ते स्वाभाविकही होते. भूकंपाचा धक्का फारसा न लागलेल्या गावांतही लोकांनी भीतीपोटी चांगली उभी घरे उतरवली.

२८/ जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्याबाहेर दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाला मदत मिळाली. या दुसऱ्या भागाची तांत्रिक शिकवण आपल्या विषयासाठी मोलाची आहे. तज्ज्ञांचे सांगणे होते : लाकडी सांगाडा काढू नका, माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके लाकडी टेके मारा. म्हणजे दोष कुठे होता आणि बळ कुठे होते, हे तेव्हाच लेखी सांगितले गेले होते.

२९/ मात्र शिकवण पोहोचण्याआधी व्यापारी पोहोचले. नव्या सिमेंटच्या घरात खांबाला जागा नव्हती, तुळईला काम नव्हते, कोरीव दरवाजा चौकटीच्या मापात बसत नव्हता. पैशाची निकड तर प्रत्येकाला होती. जुन्या गावठाणात पडलेले लाकूड काहींनी सरपणाला वापरले, काहींनी गोठ्याला लावले आणि पुष्कळांनी विकले. शंभर-दीडशे वर्षे मुरलेला साग वजनावर किंवा ठोक भावाने गेला.

३०/ शहरांत मात्र अशा लाकडाचा भाव वेगळा होता. देशभरातल्या जुन्या लाकडाच्या बाजारांत उतरवलेल्या घरांचा साग येतो आणि तिथून तो कारागिरांच्या हाती जातो. दाराचे टेबल होते, तुळयांची बाके होतात, हस्ताची भिंतीवरची शोभा होते. ‘हाताने घडवलेले, पुनर्वापरातील सागाचे डिझायनर फर्निचर’ म्हणून आज जे मोठ्या किमतीला विकले जाते, त्यातले कितीतरी लाकूड असे कुणाच्या तरी घराचे असते.

३१/ यात वाईट काय, असे कुणी विचारील. लाकूड चुलीत जाण्यापेक्षा टेबल होणे बरेच चांगले. नवे झाडही तुटत नाही. खांबाची कडी आणि कडीचा पाट करणाऱ्या आपल्या सुतारांनी हेच तर केले होते. फरक दोन गोष्टींत आहे. पूर्वी लाकूड गावातच फिरे आणि त्याचे मोल गावातच राही. आता मोल बाहेर जाते. आणि वस्तूबरोबर तिचे गाव, तिचे घर, ती घडवणाऱ्या हाताची रीत यांची नोंद राहत नाही.

३२/ घडवणारा हातही बदलला. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट आणले आणि काही दशकांत ते लग्नातल्या आंदणाचा मानबिंदू झाले. नंतर प्लायवूड आणि सनमायका आले. लाकडाला लाकूड जोडणाऱ्या सुताराला खिळे, डिंक आणि पत्र्याच्या पट्ट्या वापराव्या लागल्या. ट्रॅक्टर आल्यावर औतगाडीचे कामही आटले. खुंटीच्या सांध्याचे ज्ञान पुस्तकात नव्हते, हातात होते. ते वापरणारी पिढी आता म्हातारी आहे.

३३/ ‘मग नवे सागच लावू’ हाही सोपा उपाय नाही. चांगल्या इमारती सागाला वाढीसाठी साधारणतः ५० ते ८० वर्षे द्यावी लागतात. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडात टिकाऊ गाभा कमी आणि बाहेरचे कच्चे लाकूड जास्त असते. वाळवी त्यालाच आधी लागते. म्हणून वाड्यातला जुना खांब आणि बाजारातला नवा साग यांचे नाव एक असले, तरी गुण एक नाहीत. आज विकलेली तुळई पुन्हा मिळवायची तर नातवंडांपर्यंत थांबावे लागेल.

३४/ फर्निचर ‘शाश्वत’ आहे, असे लिहिलेले दिसले की तीन प्रश्न विचारावेत. हे लाकूड कुठल्या रानातून आले आणि त्या रानातल्या माणसांना काय मिळाले? २००६ च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न विचारण्याचा आधार दिला आहे. दुसरा : ही वस्तू किती वर्षे टिकेल? तिसरा : ती मोडली तर सांधे उकलून तिचे दुसरे काही करता येईल का? माळावरच्या जुन्या सुताराकडे शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे होती. पहिल्याचे उत्तर त्याच्याही काळात अपुरेच होते.

३५/ किल्लारीतून निघणारा निष्कर्ष असा. भूकंपाने लाकडाची परंपरा खोटी ठरवली नाही. त्या परंपरेतून लाकूड काढून घेतल्यावर जे उरले, ते किती धोक्याचे होते हे त्याने दाखवले. खांब गेले, माती वाढली, भिंतीवर भार आला. हे सारे ३० सप्टेंबरच्या आधीच घडून गेले होते. आणि त्यानंतर आपण दोष नेमका त्याच घटकावर ठेवला, ज्याने जमेल तिथे छप्पर धरून ठेवले होते.

३६/ तुमचे आजोळ किंवा मूळ गाव मराठवाड्यात असेल, तर एक काम करता येईल. औसा, उदगीर, कंधार, देगलूर असो की एखादे लहान गाव, जुने घर अजून उभे असेल तर त्याचे खण मोजा. खांब, हस्त, तुळई, चौकट यांची छायाचित्रे घ्या. ढेलजेत बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की लाकूड कुठून आणले, सुतार कोणत्या गावचा होता, खांबावरची जुनी भोके कसली आहेत. घर विकायचे असेल तर विका. ते उतरवण्यापूर्वी एवढी नोंद करून ठेवा.

३७/ जुन्या घरात राहतच असाल, तर माळवदावरची जादा माती उतरवणे आणि खांब-तुळईच्या कोनात टेके मारून घेणे ही दोन कामे जाणकाराच्या सल्ल्याने जरूर करा. तुमच्याकडील खणांची, चौकटींची, घडवंचीची छायाचित्रे गावाच्या नावासह खाली टाका. नांदेड-लातूरकडचे वेगळे शब्द ठाऊक असतील तर तेही लिहा. पुढचा धागा गढ्यांवर आणि त्यांच्या पांढऱ्या मातीवर असेल.